कोऱ्या जागेतले ठिपके

विनू गेल्याचा फोन नागपूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी त्याच्या टेबलावरच्या पेन्सिलींना टोक करत बसले होते. पाच दिवसांपूर्वी गाडीत बसताना तो म्हणाला होता, "ताई, एकच कागद राह्यला. आलो का पाहू." मला त्याला एक खरी गोष्ट सांगायची होती. पण ड्रायव्हर उभा होता, शेजारचे लोक जमले होते... आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी नुसती मान हलवली.

विनू माझा धाकटा भाऊ. तो झाला त्या वर्षी माझी शाळा चौथीवर सुटली. खैरलांजीकडच्या आमच्या गावात आई धानाची रोपे लावायला, रोवणीला जायची आणि मी त्याला मांडीवर घेऊन बांधावर बसायची. पुढे शिकत शिकत तो पुण्याला संशोधनाला लागला, आणि मागच्या वर्षी रक्ताचा आजार घेऊन बालाघाटला माझ्या दोन खोल्यांत परत आला. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप कसा देते, ते तो संख्याशास्त्राने मांडत असे. मला कळावे म्हणून त्याने ते बांधावर आणून ठेवले. "रोवणीत बाया हाक मारतेत अन् बांधावरचा गडी रोपांच्या जुड्या फेकते ना, तसंच. हाक तीच, पण कधी तीन जुड्या पोचतेत, कधी एक, कधी एकही नाही. भराभर हाका मारल्या का फेकणाऱ्याजवळचा ढीग सरते. थोडं थांबलं का पुन्हा भरते." मी विचारले, "मंग तू काय करतं?" "फेकणारा मले दिसत नाही. किती पोचल्या, दरवेळी किती फरक पडला, त्यावरून ढीग केवढा अन् हात किती नेमका, त्याचा अंदाज बांधतो." "एवढ्यासाठी पुण्याले गेलता?" तो खूप दिवसांनी हसला.

निरोप घेणाऱ्या पेशीच्या रेघेतल्या बारीक उसळ्या संगणकाकडून सुटतात म्हणून त्याला त्या डोळ्यांनी पडताळून हव्या होत्या, आणि त्याची नजर मंदावली होती. छापलेल्या कागदावर वेडीवाकडी रेघ, तिच्यावर हाकेच्या दहा खुणा. खुणेनंतर रेघ उसळली तर खाली ठिपका द्यायचा, नाही तर जागा कोरी सोडायची. मी म्हटले, मला चौथीपर्यंतचेच येते. "म्हणूनच तुले देऊन राह्यलो. शिकलेला माणूस त्याले पाह्यजे तेच पाह्यते."

मी दोन गठ्ठे पुरे केले. पण रोवणी झाल्यावर बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मोकळी जागा दिसली की तिथे रोप खोचायचे, ही माझ्या हाताची लहानपणची सवय. कागदावर शेवटच्या खुणांपाशी कोऱ्या जागा वाढत, तेव्हा वाटे, माझ्याच नजरेतून सुटले असेल, विनूचे काम अपुरे दिसेल. रेघ जराशी थरथरली तरी मी ठिपका देऊन टाकी. तीन आठवडे त्याचे गणित बसेना. ढीग सरायला हवा तिथे सरतच नव्हता. शेवटी दुसऱ्या गठ्ठ्यातला एक कागद त्याने माझ्यापुढे धरला.

"ताई, इथं तं काहीच नाही. ठिपका काहून देला?"

"रिकामं बरं दिसत नाही."

त्याने कागद खाली ठेवला. मग हळू म्हणाला, "रिकामं हाय तेच तं मले मोजाचं होतं. एकही जुडी पोचली नाही, हे पण उत्तरच हाय." रागावला नाही. "पह्यला गठ्ठा तं बरोबर हाय ना?"

मी हौ म्हणाले. तो बरोबर नव्हता. पण त्याच्याजवळ किती दिवस उरले होते ते आम्हा दोघांना माहीत होते, आणि त्यातले तीन आठवडे मी खाल्ले होते... आणखी सांगायला जीभच उचलली नाही. दुसरा गठ्ठा मी पुन्हा केला; एक कागद उरला तोच त्याला नागपूरला हलवले.

तेरावे झाल्यावर त्याची विद्यार्थिनी पुण्याहून कागद न्यायला आली. हे आता विनूच्या नावाने छापायचे, असे ती म्हणाली. मी चहा दिला, कप विसळले, पुन्हा आत आले. "पह्यल्या गठ्ठ्यात बी खोटे ठिपके हायेत," मी म्हणाले. "मीच देले. त्याले सांगितलं नाही." तिने गठ्ठ्याची दोरी सोडली आणि तो माझ्यापुढे सरकवला. माझ्या एकेका खोट्या ठिपक्याभोवती पेन्सिलीचा गोल होता, कापऱ्या हाताचा. "सरांनी सगळा पुन्हा तपासलाय, ताई. महिन्यापूर्वीच आकडे पाठवले मला."

मी दुपारी बाजारातून परतले की तो भिंग घेऊन बसलेला दिसे. मला वाटे, पेपर वाचतो. त्या दुपारी अशा गेल्या. मी सांगेन म्हणून तो वाट पाहत होता, की मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिला... हे आता कोणाला विचारू?

उरलेला कागद तिने माझ्याकडूनच करून घेतला. दहा खुणा. चार ठिपके दिले. सहा जागा सोडताना हात जड झाला, पण सोडल्या.

सरांची आठवण म्हणून टेबलही ती घेऊन गेली. शेजारीण म्हणते, "कोपरा रिकामा बरा नाही दिसत, शिलाई मशीन ठेव तिथं." मी रोज तेवढी जागा झाडते, पुसते. तिथे काही ठेवलेले नाही.