गळ्यातली चावी

चूक माझी होती आणि ती मी चौथीतल्या एका मुलीच्या माथी मारली. हे एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला फार वेळ लागला, याचीही लाज वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. रेवदंड्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका वस्तीतली शाळा. शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक कायम रिकामी. म्हणजे मुख्याध्यापक मी, शिक्षक मी आणि शिपाईही मीच. राहायला मात्र अलिबागला. माझी मुलगी तिथल्या इंग्रजी शाळेत जाते. त्या शाळेचं फाटक घंटा झाली की बंद होतं, मग बापाने कितीही हात जोडले तरी उघडत नाही. म्हणून सकाळी आधी तिला सोडायचं आणि मग मोटरसायकल चौलच्या रस्त्याला लावायची. मुलीच्या शाळेला मी एकदाही उशीर होऊ दिला नाही. माझ्या शाळेला रोज होत होता.

त्यावर मी तोड काढली. शाळेशेजारी राहणाऱ्या चौथीतल्या मुलीकडे चावी देऊन टाकली. ती चावी लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. कुलूप उघडायची, मुलांकडून वर्ग झाडून घ्यायची, फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायची, परिपाठ घ्यायची. मी पोहोचायचो तेव्हा प्रतिज्ञा होऊन मुलं पाढे म्हणत असायची. याला मी ‘नेतृत्वगुण’ म्हणायचो. कुठे कुठे भाषणातही सांगितलं. एका लहान मुलीकडून फुकट शिपायाचं काम करून घ्यायचं आणि वर त्याला गुण म्हणायचं!

त्याच वर्षी मी हजेरीची मोहीम काढली. भिंतीवर मोठा तक्ता लावला. जो वेळेवर येईल त्याला चांदणी, ज्याच्या महिनाभर चांदण्या त्याला पुठ्ठ्याचा मुकुट. पोरं भाबडी. खरंच लवकर येऊ लागली. कोणी तोंड न धुता यायचं, कोणी धाकट्या भावाला फरफटत आणायचं. मुकुट अर्थातच चावीवालीचा. मुकुटातले तिचे फोटो मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचो आणि खाली अंगठ्यांची रांग लागायची.

पालकसभेत तर मी कमालच केली. समोर बसलेल्या बाया पहाटेपासून बंदरावर उभ्या राहून, टोपल्या वाहून आलेल्या. त्यांना मी सुनावलं, “मासळी उद्याही मिळेल, पोरांचा आजचा तास उद्या मिळणार नाही. घरच्या कामासाठी त्यांना अडकवू नका.” माझी मोटरसायकल रोज त्यांच्याच दारावरून जायची. मी किती वाजता येतो ते त्या वस्तीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

मग तो दिवस आला. मी वळणावरून पाहिलं, पोरं सगळी बाहेर रस्त्यावर, दाराला कुलूप, आणि पायरीवर केंद्रप्रमुख उभे. अचानक भेटीला आलेले.

“काय सर, आज सुट्टी जाहीर केलीत की काय?”

मी गाडी उभी करेपर्यंत ती मुलगी धावत आली. वेणी अर्धीच घातलेली, धापा टाकत होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती, स्वतःला वाचवायचं.

“चावी हिच्याकडे असते, साहेब,” मी म्हणालो. “हिनेच आज घोळ घातला. काय गं, कुठे होतीस?”

साहेब हसले. “झाली का झोप, महाराणी?”

पोरं खिदळली. मागून कोणीतरी ओरडलं, “मुकुटवाली लेट! मुकुटवाली लेट!”

तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. ‘सर तर रोजच उशिरा येतात’, एवढं ती बोलली असती तरी पुरे होतं. गळ्यातून दोरा काढून तिने कुलूप उघडलं. आत गेल्यावर मी तक्त्यातल्या तिच्या रकान्यात लाल पेनाने फुली मारली, साहेबांना दिसेल अशी.

तिला उशीर का झाला, हे मी विचारलंही नाही. दुपारी दुसऱ्या मुलीकडून कळलं. तिचा भाऊ तापाने फणफणला होता, आई बंदरावर गेलेली. शेजारची काकी येईपर्यंत ती त्याला घेऊन बसली आणि मग शाळेकडे पळाली. इतर कोणतंही पोर अशा दिवशी घरीच राहिलं असतं. तिच्या गळ्यात शाळा होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिची आई आली. मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून आत आली आणि चावी माझ्या टेबलावर ठेवली.

“ही घ्या तुमची चावी, गुरुजी. माज्या पोरीला शालेचा पगार न्हाय मिलत.”

“अहो ताई, तसं नाही. जबाबदारी म्हणून तिला...”

“जबाबदारी कोनाची हाय ती?” तिने विचारलं. “चार पोरांत तिचं हसं केलं तुमी. रातभर रडली. ती न्हाय येनार आता.”

आणि ती खरंच येईना. रोज हजेरी घेताना तिच्या नावाशी मी थांबायचो आणि पुढे जायचो. शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकमित्राला मनातलं सांगितलं, तर तो खोखो हसला. “अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? सगळीकडे हेच चालतं. येईल परत, जाते कुठे?” सगळीकडे हेच चालतं! मुलं गैरहजर का राहतात यावर आम्ही प्रशिक्षणं घेतो, चहा-बिस्किटं खातो, पालक अडाणी आहेत असं लिहून देतो. आणि ती प्रशिक्षणंसुद्धा कधी वेळेवर सुरू होत नाहीत. हजर राहायचं ते फक्त पोरांनी.

पण मी मित्राला नावं ठेवतोय कशाला? तोवर मी चावी तिसरीतल्या एका मुलाच्या गळ्यात घालून मोकळा झालो होतो.

शेवटी तिच्या घरी गेलो. हातात बिस्किटांचा पुडा. ती अंगणात सुपात सुका जवळा निवडत बसली होती. मी म्हणालो, “राग सोड आता. ती फुली मी खोडतो. हवं तर दोन चांदण्या देतो. ये उद्यापासून.”

तिने सूप हलवणं थांबवलं नाही. “चावी कोनाकडं दिली, सर?”

मी त्या मुलाचं नाव सांगितलं.

“त्याचं घर लांब हाय,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तो पन कवातरी लेट व्हईल. त्याला नका वरडू.”

मी पुडा ओट्यावर ठेवला आणि निघालो. मी तिच्याकडून हिरावलेली गोष्ट चांदणी नव्हतीच. मी तिथे गेलो होतो तो तिची समजूत घालायला, जणू समजूत तिचीच कमी पडली होती.

त्या आठवड्यात माझ्या मुलीला शाळेत सोडायला रिक्षा लावली. हे एवढं सोपं होतं. वर्षभर सुचलं नाही, कारण माझ्या उशिराची किंमत दुसऱ्याचं पोर भरत होतं. चावी त्या मुलाकडून परत घेतली. साहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ द्या हो, लहान मुलं विसरतात.” मी म्हणालो, “नाही विसरत, साहेब.” तक्ता भिंतीवरून काढला. मग तिच्या आईला निरोप धाडला की फक्त एक दिवस तिला घेऊन या, नंतर पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या सकाळी कुलूप मी उघडलं. मुलं रांगेत उभी राहिली. मायलेकी फाटकाशीच थांबल्या, आत येईनात. मग मीच फाटकापर्यंत गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“त्या दिवशी शाळा बंद राहिली ती माझ्यामुळे. शाळा उघडणं माझं काम आहे, हिचं नाही. रोज उशिरा मी येत होतो. तरी साहेबांसमोर मी हिच्यावर ढकललं आणि तुम्हाला हिला हसू दिलं. ताई, मी तुमची माफी मागतो. आणि बाळ, तुझी काही चूक नव्हती. मी खोटं बोललो. मला माफ कर.”