बापाच्या नावाला ओ

आमच्या साहेबांचं आडनाव विलायतेतल्या एका गाजलेल्या नटघराण्याचं आहे, आणि तिथल्याच एका नामांकित खेळाडूचंही. साहेबांचा दोघांशी काडीचा संबंध नाही. पण इथे आखातात, मुशैरिबच्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की हमखास विचारतो, तुम्ही नाटकवाल्यांपैकी की खेळवाल्यांपैकी? मग साहेब खुर्चीत रेलून सगळी कुळकथा सांगतात आणि आम्ही शंभरदा ऐकलेलं पुन्हा हसत ऐकतो.

माझ्या आडनावाची मात्र कुणाला पडलेली नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. बारा वर्षांपूर्वी एजंटाच्या माणसानं पासपोर्टाच्या फॉर्मवर ते तसंच्या तसं उतरवलं, शेवटचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं, मीही न बघता सही ठोकली, आणि बाबांचं नाव हेच माझं आडनाव होऊन बसलं. तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला बाबांच्या नावानं बोलावतात. यल्ला, चल लवकर, हे ड्रॉइंग आज हवंय, आणि पुढे माझ्या बापाचं नाव, नुसतं. गावात बाबांना असं नुसत्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तिथं कुणी मारली असती तर मी त्याची कॉलर धरली असती.

तीनदा एचआरला लिहिलं. सिस्टीममध्ये आहे तेच राहणार, म्हणाले. साहेबांकडे गेलो, तर त्यांनी स्वतःच्या आडनावाचा किस्सा सुरू केला. डोक्यात तिडीक गेली, पण ऐकून घेतला.

यंदा बाबा पहिल्यांदाच आमच्या बिन महमूदच्या घरी राहायला आले. नेमका ऑफिसच्या समारंभात माझा सत्कार होता आणि त्यांना यायचंच होतं. ही नुसत्या नावाची हाक त्यांच्या कानावर पडू नये, एवढीच माझी धडपड. एचआरच्या बाईंना माझं नाव, आडनावासकट, साहेबांनी वाचायच्या कार्डावर लिहून दिलं. त्या इन्शाल्ला, देवाच्या मनात असेल तर, म्हणाल्या, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

साहेबांनी कार्डाकडे न बघताच बाबांचं नाव पुकारलं, आणि माझ्या शेजारचे बाबा उठले. टोपी सारखी केली, हात जोडले आणि स्टेजकडे चालू लागले. मुलाच्या कौतुकात बापालाही मान देतात इथे, असं वाटलं त्यांना. सगळा हॉल हसला. साहेबही हसले. माझा नुसता संताप झाला.

मी धावत जाऊन बाबांना थांबवलं आणि त्या हशातच सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत.

"बारा वर्षं हे माझ्या नावानं तुला हाका मारतायत," ते म्हणाले, "आणि तू ओ देतोस?"

मी काही बोलणार, तेवढ्यात साहेबांनी माइकवरून पुन्हा बाबांचं नाव घेतलं. आणि बाबांच्या देखत, सवयीनं, माझ्या तोंडून निघून गेलं, "येस सर."