भाऊ म्हणजे कोण

जळगावला लॉ कॉलेजात असताना अभिरूप न्यायालयात मी बोलायला उभी राहिले आणि घाईत तोंडून निघून गेलं, "हा दावा मुदतीत शे." वर्ग खदाखदा हसला. सरही हसले. धुळ्याजवळच्या आमच्या गावात सगळं जग 'आहे'ला 'शे'च म्हणायचं, त्यात हसण्यासारखं काय होतं? पण मला वकील व्हायचं होतं. मी जिभेवर पहारा बसवला.

सनद मिळाल्यावर धुळ्यात एका नावाजलेल्या दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले. पुकारा झाला की पळायचं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणून तारीख मागायची, हेच काम. साहेबही माझ्यासारखेच अहिराणी मुलखातले. ऑफिसात पक्षकार आला की "या आबा, बसा, बठ्ठं बराबर व्हई," असा अहिराणीत लोण्यासारखा धीर द्यायचे. कोर्टाच्या पायऱ्या चढल्या की मात्र त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे.

एकदा आमच्या पक्षकार बाईची साक्ष निघाली. नवरा वारल्यावर त्याच्या थोरल्या भावाने तिला शेतात पाऊल टाकू दिलं नव्हतं. हिश्शासाठी त्याच्यावर दावा होता. बाईने पिंजऱ्यात पदर सारखा केला. साहेबांनी विचारलं, "शेतातून कोणी काढलं?"

"भाऊनी माले वावरमाईन हाकली दिनं."

न्यायाधीश कोकणातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "माझ्या भावाने मला शेतातून हाकलून दिले." मशीन खडखडलं.

आमच्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळेच भाऊ म्हणतात. पोरं, सुना, गडीमाणसं, सगळे. त्या घरातला भाऊ म्हणजे तो थोरलाच, ज्याच्यावर दावा होता. मी साहेबांच्या कानाशी लागले.

"माहीत आहे. गप्प बस," ते पुटपुटले.

समोरचे वकील उलटतपासणीला उठले. तेही इथलेच, सगळं समजणारे. "म्हणजे बाई, तुम्हाला भावानेच हाकललं?"

"हां, भाऊनीच."

"दिराने नाही ना?"

"दीर? नही. माले दीरच नही."

बाई खरंच बोलत होती. आमच्याकडे दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. थोरल्याला जेठ म्हणतात. न्यायाधीशांनी सांगितलं, "दिराने मला हाकललेले नाही." मशीन पुन्हा खडखडलं. साहेब पुढच्या केसची फाइल चाळत बसले होते.

माझी कानशिलं तापली. मी उभी राहून न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, चुकीचं नोंदवलं जातंय."

"तुम्ही साक्षीदार आहात का?" न्यायाधीश म्हणाले.

"बाई दुभाषी कधीपासून झाल्या?" समोरचे वकील म्हणाले. मागची बाकं हसली.

न्यायाधीशांनी आमच्या साहेबांना विचारलं, "फेरतपासणी?"

"नाही, साहेब."

"मला घ्यायची आहे," मी म्हणाले. "वकीलपत्रावर माझीही सही आहे." परवानगीची वाट न पाहता बाईकडे वळले. "भाऊ म्हणजे कोण? इथे आहे का?"

बाईने मागच्या बाकावरच्या प्रतिवादीकडे बोट केलं. "हाऊ काय! हाऊ भाऊ. मन्हा जेठ."

समोरच्यांनी हरकत घेतली. तरी न्यायाधीशांनी ते उत्तर लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात बाईने माझा हात धरला. "मन्हं काही चुकनं का, अक्का?" माझं डोकं सगळ्यात जास्त तेव्हा फिरलं. दोन दोन वकील तिची भाषा समजून न समजल्यासारखं करत होते आणि चूक ती स्वतःची शोधत होती.

साहेबांनी जिन्यातच गाठलं. "मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय. न्यायाधीशाची चूक अशी भर कोर्टात काढतात?"

"मग बाईचं शेत गेलं तरी चालेल?"

"उद्यापासून येऊ नको."

गेले नाही. बाररूमच्या कोपऱ्यात मोडक्या खुर्चीवर बसून स्वतःची कामं शोधू लागले. पुढे त्या दाव्याचा निकाल बाईच्या बाजूने लागला. निकालपत्रात फेरतपासणीतलं तिचं उत्तर जसंच्या तसं घेतलं होतं. साहेबांनी बारमध्ये पेढे वाटले आणि कारकुनाच्या हातून एक पुडा मलाही पाठवला.

मी तो उघडलासुद्धा नाही. "साहेबांना म्हणावं, तुम्हीच खा," म्हटलं, आणि परत पाठवला.