नखं काढताना घरचं माणूस नको

ओन चि मावशीच्या तोंडाला लागू नये, हे इरावतीकाठच्या आमच्या पखोक्कूत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चाळीस वर्षं चिरूट वळतेय बाई; हात चालतात त्याहून जीभ जोरात. मी तिच्या शेजारीच वळायला बसते, त्यामुळे निम्मी बोलणी माझ्या वाट्याला येतात. नव्या वर्षाला मात्र ती वेगळीच असते. पाण्याचा सण सरला की दुसऱ्या दिवशी मठाच्या धर्मशाळेत गावातली म्हातारी माणसं येऊन बसतात. पोरी शिकेकाईच्या पाण्यानं त्यांची डोकी धुतात आणि नखं काढते ओन चि. तेव्हा तिचा एक नियम असतो: घरचं माणूस जवळ नको. मुलगा असो, सून असो, चल, हो बाजूला! लोक चिडतात. चिडू देत.

हा नियम तिला सॉ यिन आजीमुळे सुचला. आजी तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. धाकटा मुलगा ल्विन तिला हाताला धरून धर्मशाळेत घेऊन आला आणि सगळ्यांदेखत तीनदा तिच्यापुढे माथा टेकवला. आम्ही बायका विरघळलोच. "मुलगा असावा तर असा," म्हणणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू! आजीचा अंबाडा मात्र नव्हता. केस कसेही कापलेले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मरेपर्यंत अंबाडा सोडत नाहीत. "उवा झाल्या होत्या," ल्विन म्हणाला. ओन चिनं आजीचा हात मांडीवर घेतला तर नखं तुटलेली, बोटांत लाकडाची कुसळं. तिनं तिथंच विचारलं, "आजी, घरी बरं आहे ना?"

आता सांगा, सणाचा दिवस, मुलगा शेजारी उभा, वर वीस माणसं. आमच्यातलं कोण खरं बोलेल? भीड आमच्या हाडात आहे. दुसऱ्याला अवघडू नये म्हणून आम्ही काटासुद्धा गिळू. आजी हसली. "माझा ल्विन सोन्यासारखा आहे." ओन चिनं कुसळं काढली आणि विषय सोडला.

पुढच्या वर्षी आजी आलीच नाही. "अंगात कणकण आहे," ल्विन येऊन सांगून गेला.

ओन चि मला म्हणाली, "ऊठ. शिकेकाईचं भांडं घे."

"अगं, आजारी माणसाचं डोकं कुठं धुतात का?"

"तू आधी पाय चालव. चल!"

दारात ल्विनची बायको न्युंट आडवी आली. "मावशी, सासूबाई झोपल्यात."

"झोपू दे की. नखं झोपेतही निघतात. आजच्या दिवशी आमचं पुण्य अडवतेस का गं?"

यावर नाही म्हणायची कुणाची छाती आहे! न्युंट सरकली. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. ओन चिनं ती काढली, न्युंटला पाणी तापवायला पिटाळलं, मला दारात बसवलं. दाराला आतून ओरखडेच ओरखडे होते.

ओन चिनं या खेपेला काही विचारलं नाही. चिंचांचं बोलली, माझ्या घोरण्याचं बोलली. एका हाताची नखं झाली, दुसऱ्याची सुरू झाली, तेव्हा आजी हळूच म्हणाली, "मला दार उघडं हवंय गं." मग लगेच, "ल्विनला बोलू नकोस. चारचौघांत त्याची मान खाली जाईल."

"चारचौघांत नाही बोलणार," ओन चि म्हणाली. "पण बोलणार." आणि तिनं आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. "गेल्या वर्षी सगळ्यांसमोर विचारलं, चुकलं माझं."

ल्विन आला तेव्हा ती त्याला परसात घेऊन गेली. तो म्हणाला, "मावशी, आई नदीकडे चालत सुटते. दोनदा हरवली. आम्ही दोघं दिवसभर भुईमुगाच्या शेतात. मग काय करू?"

"आणि केस का कापलेस?"

"धुवायला वेळ..." म्हणता म्हणता तो रडायला लागला. मला काही दया आली नाही बाई.

"रडून झालं की कडी उपट, माझ्यासमोर," ओन चि म्हणाली. "उद्यापासून रोज सकाळी तिला आमच्या कारखान्यात आणून सोड. आम्ही आठ जणी आहोत, बघू. दर पौर्णिमेला नखं मी काढणार, तुला बाहेर ठेवून. कुठं ओरखडा दिसला तर थेट वॉर्डाच्या मुख्याकडे. मग भीडबीड गेली उडत!"

त्यानं कडी उपटली. आजी आमच्यात बसू लागली, चिरुटाची पानं पुसून देऊ लागली. पण लघवीला जायचं झालं की ओन चिकडे बघून विचारायची, "जाऊ का गं?" ऐंशीला आलेली बाई! कुणाला न सोडणारी ओन चि दर वेळी नुसतं म्हणायची, "जा की, आजी."

महिना-सव्वा महिना हेच चाललं. मग एका दुपारी आजीनं हातातलं पान खाली ठेवलं, नेसूची लुंगी सावरली आणि कुणालाही न विचारता बाहेर निघाली. आमचे सगळ्यांचे हात थांबले. ओन चिनं बाहीनं डोळे पुसले आणि मला कोपरानं ढोसलं.

"जा मागून," ती म्हणाली. "पण तिला दिसू नकोस."