दोकबेचं शेवटचं ओझं

नामगुंग दोकबेच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. चौतीस वर्षं हा गडी डोंगरमाथ्याखालच्या बौद्ध मठात तांदूळ, तेल, गॅसच्या टाक्या पाठीवरच्या लाकडी चौकटीवर लादून वाहत आला. आज कौलं होती, वीस. प्रत्येकावर भाविकांनी पांढऱ्या रंगाने नाव आणि मागणं लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत छप्पर पुरं करून गवंडी उतरणार, आणि उद्यापासून दोकबे घरी बसणार. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगा, रडूही येत होतं.

ग्रॅनाइटच्या उघड्या धारेवर, दोन्ही अंगांना नुसता कडा, लोखंडी दोर धरून एक म्हातारी बसली होती. मांडीवर कौल.

"मावशी, इथे काय बसलात? वारा उडवून नेईल."

"नेऊ दे. पाय उचलत नाही रे. खाली झऱ्यापाशी सगळे म्हणाले, आलंच आता, आलंच! मेले खोटारडे!"

त्या खोटारड्यांत एरवी दोकबेही असायचा. इथे चढणाऱ्याला खरं अंतर कुणी सांगतच नाही.

"अजून दीड तास आहे, मावशी."

म्हातारीने वरच्या चढणीकडे पाहिलं. मग तिने कौल पुढे केलं. "मग तू ने बाबा. माझ्या लेकाचं, ग्युचलचं आहे. बोट घेऊन समुद्रात गेला तो गेलाच, देहही हाती लागला नाही. नाव तरी कुठे टिकू दे."

तीन किलो. एरवी हसत नेलं असतं. पण सकाळपासून गुडघ्याने दोनदा दगा दिला होता, आणि पुढे दोराची चढण होती. एक ठेवल्याशिवाय दुसरं घेणं शक्यच नव्हतं. ठेवायचं कुणाचं? सगळी लोकांची. एकच घरचं, त्याच्या बायकोने, ओकबुनने, गिचमिड अक्षरात लिहिलेलं: 'नामगुंग दोकबे. गुडघे बरे होवोत.'

त्याने ते काढून कपारीत ठेवलं.

"ते कुणाचं रे?"

"आहे एकाचं. त्याला घाई नाही."

वर गवंड्याने कौलं मोजली. "वीस. बरोबर." शेवटची ओळ बसवली आणि शिडी काढली.

दोकबे परतला तेव्हा म्हातारी खाली उतरून गेली होती. कपारीत कौलाशेजारी सोललेली काकडी होती. म्हणजे तिने कौल वाचलं होतं, आणि ते कुणाचं हेही ओळखलं होतं. त्याने तिथेच बसून काकडी खाल्ली, कौल चौकटीला करकचून बांधलं. इतकी वर्षं रिकाम्या पाठीने उतरणारा माणूस आज स्वतःचंच नाव पाठीवर घेऊन उतरू लागला.