पालथं झाकण

नाकवाल्या काकूंनी झाकण नाकाशी नेलं की डेअरीच्या धक्क्यावर सगळे गप्प व्हायचे. टेम्पोतून उतरलेला दुधाचा कॅन, त्याचं जड झाकण, झाकणाच्या आतल्या बाजूला अडकून राहिलेला वास आणि काकूंचं ते लांब, जरासं डावीकडे वळलेलं नाक. कॅन टाकीत ओतायचा की खडूची फुली मारून परत पाठवायचा, ते एवढ्यावर ठरायचं. एकदा फुली बसली की दूधवाल्यांनी कितीही नाकदुऱ्या काढोत, काकू ऐकून घेत नसत. "गाईनं काल काय खाल्लं ते मला इथं बसून कळतं. तू मला शिकवणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

डेअरीला लॅब होती, नाही असं नाही. पण तिथं दूध आंबलंय का आणि त्यात साय किती, एवढंच बघायचे. बाकी सगळं काकूंवर सोडलेलं. एवढा मोठा कारखाना, आणि मदार कशावर, तर एका बाईच्या नाकावर! साहेब वर तोंड करून सांगायचे, "मशीन बिघडतं, काकू बिघडत नाहीत."

घरीही काकूंचा तोच तोरा. नाकावर माशी बसू द्यायची नाही, शेजारणींच्या भांडणात नाक खुपसायचं आणि सुनेनं काहीही रांधलं तरी आधी नाक मुरडायचं. सून बिचारी नाकासमोर चालणारी. डेअरीतच कॅन धुवायची, झाकणं उघडून द्यायची आणि सासूचं ऐकून घ्यायची. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा यायचा.

मग काकूंना ताप आला. साधा सर्दीताप. ताप उतरला, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. कळलं ते असं, की गॅसवरचं पातेलं करपून काळंठिक्कर पडलं आणि काकू त्याच्याकडे पाठ करून निवांत भाजी निवडत बसल्या होत्या. सून बाहेरून धावत आली. "अहो आई, घरभर वास सुटलाय, तुम्हाला आला नाही?" काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि ढसाढसा रडल्या. सासूला रडताना सुनेनं पहिल्यांदाच पाहिलं.

सरळ साहेबांना सांगून मोकळं व्हायचं, नाही का? सांगायला आपलं काय जातं! पण राहायची खोली डेअरीची होती. काम गेलं की खोली गेली. आणि खोलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे, नाक गेल्यावर नाकवाल्या काकू म्हणून उरणार कोण?

युक्ती सुनेनंच काढली. झाकण उघडताना वास तिला यायचाच. दूध चांगलं असेल तर तिनं झाकण पालथं हातात द्यायचं, खराब असेल तर उताणं. काकूंनी ते नेहमीसारखं नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. कुणाला पत्ता लागला नाही. काकूंना सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग सवय झाली. जिच्या हातच्या प्रत्येक घासाला नाक मुरडलं, तिच्याच नाकावर आता घर चाललं होतं. काकूंनी तिला टाकून बोलणं सोडलं. भाजी खारट झाली तरी गुमान जेवायच्या.

उन्हाळ्यात सुनेच्या भावाचा टेम्पो यायला लागला. गाव लांबचं, पोचायला कधी कधी दुपार व्हायची, टेम्पोचा पत्रा हात लावू देत नसे इतका तापलेला. तरी झाकण पालथंच. बाकीच्यांचा एखाददुसरा कॅन परत जायचा, याचा एकदाही नाही. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पण विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं, तो म्हणणार, काकू, नाक तुमचं की माझं?

नात तेव्हा डेअरीच्या भिंतीपलीकडच्या बालवाडीत जायला लागली होती. एका संध्याकाळी काकू तिची वेणी घालत होत्या. समोर कामगारांना मिळणाऱ्या दुधातला पेला तसाच पडलेला.

"दूध का नाही गं प्यालीस?"

"आई म्हणते हे नाही प्यायचं. घाण वास येतो."

काकूंचा हात थांबला. "आणि शाळेत देतात ते?"

"ते पण इथलंच ना. ते पण नाही प्यायचं. मी माझा पेला शेजारच्या मुलीला देते. तिला खूप आवडतं. ती दोन दोन पिते."

आत भांडी घासायचा आवाज चालू होता, तो बंद पडला. मग सून चहा घेऊन बाहेर आली. सासूच्या कपात दुधाचा, स्वतःच्या कपात कोरा.

"कोरा कधीपासून प्यायला लागलीस?"

"पित्त होतं," सून म्हणाली. तिनं मान वर केली नाही. काकूंनी चहाला हात लावला नाही. काकूंना भीती वाटली, आणि ती आपल्याच घरातल्या माणसाची वाटली.

दुसऱ्या दिवशी भावाचा टेम्पो नेमका लवकर लागला. पहिल्या कॅनचं झाकण निघालं. पालथं. काकूंनी ते बाजूला ठेवलं, कॅनमध्ये माप बुडवलं आणि तोंडाला लावायला उचललं. सुनेनं झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"नको, आई."

"काय टाकतो तो यात?" काकूंनी तिच्या कानाशी विचारलं.

"मला माहीत नाही. नासू नये म्हणून काहीतरी टाकतो. पहिल्या दिवशीच वास आला होता, पण माझा भाऊ आहे हो तो. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही तरी कुणाला सांगितलंत?" सून हळू आवाजात म्हणाली. "आता बोललात तर दोघी रस्त्यावर येऊ. आणि लोक मला नाही विचारणार. झाकण रोज तुमच्या हातात असतं."

खोटं काय होतं त्यात? गुपचूप या कॅनवर फुली मारावी आणि विषय मिटवावा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी खडू घेतला, फुली मारली. पाहुण्याचा कॅन परत जातोय म्हटल्यावर धक्क्यावर कुजबूज झाली आणि साहेब स्वतः खाली उतरले.

"काय काकू, कसला वास आला?"

आंबट म्हणावं तर लॅब लगेच खोटं पाडणार. काय टाकलंय तेच माहीत नाही, तर वासाचं नाव काय सांगायचं?

"साहेब, मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "कशाचाच येत नाही. त्या तापापासून."

साहेब हसले. त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू विरलं. "त्या तापाला किती महिने झाले, काकू?" उत्तराची वाट न बघता त्यांनी वळून विचारलं, "शाळांना कालचं दूध नेणारी गाडी गेली का?"

"मघाशीच गेली," कुणीतरी म्हणालं. साहेब फोनकडे धावले. काकूंनी झाकण तिथंच टाकलं आणि फाटकाबाहेर पडल्या.

बालवाडीच्या दारात बाई पेले गोळा करत होत्या. "या काकू, आज इकडे कशा?"

"दूध दिलं का पोरांना?"

"आत्ताच संपवलं. थेंब नाही ठेवला," बाई कौतुकानं म्हणाल्या. "आईबाप मला विचारतात ना, दूध चांगलं असतं का हो? मी म्हणते, काकूंच्या नाकाखालून आलंय, डोळे मिटून प्या."

काकूंनी आत पाहिलं. पोरं बाकांवर बसून ओठ पुसत होती. नातीपुढचा पेला मात्र भरलेला होता. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"हिच्या शेजारी बसते ती मुलगी कुठाय?"

"ती होय? दवाखान्यात आहे हो, काल रात्रीपासून. आठवडाभर पोटात काही ठरत नव्हतं तिच्या. डॉक्टर विचारतात, काय खाल्लं? आई रडून सांगते, बाहेरचं काहीच नाही. म्हणून शाळेतलं दूध तिकडे मागवून घेतलं. तेवढंच आवडीनं पिते पोर. आत्ताच नेलं तिच्या वडिलांनी."

काकू दारातून मागे फिरल्या.

"कुठला दवाखाना?" त्यांनी विचारलं.