आतुर या शब्दाचे दोन अर्थ

श्रीधन्वंतरीला वंदन करून, काल सुनेने वाचून दाखवलेल्या कादंबरीच्या निमित्ताने हे लिहितो. अखेरीस मानसोपचारतज्ज्ञ आपल्याच रुग्ण स्त्रीशी लग्न करतो, कारण ‘ती त्याच्यासाठी आतुर होती’.

“चला, फी वाचली,” आमची ही म्हणाली.

स्वतः समुपदेशनाला जाणारी सून हसली नाही. “आई, आता नवऱ्याने दिलेलं दुःख तिने सांगायचं कुणाला? मला तर उद्या तिथे तोंड उघडायचीच भीती वाटतेय.”

आयुर्वेदात आतुर म्हणजे रुग्ण. मराठीत तोच शब्द ओढीचा झाला. वैद्यानेच मराठी अर्थ घेतला, तर रुग्णाचे बाहेर पडायचे दार तोच अडवून बसतो. त्या गोड शेवटात मला कोंडल्यासारखे होते आहे.

वाचकहो, आपल्या घरी सुख नांदो, आणि घरातल्या प्रत्येकाला घराबाहेरचे एक निःस्पृह माणूस लाभो.